भंगार यादी, अनुक्रमांक चौदा

मित्रांनो, मी जुनी झालेली एक हार्ड डिस्क आहे. हे मी स्वतःच सांगून टाकते, म्हणजे ते ऐकवण्याचा आनंद दुसऱ्या कोणाला मिळायला नको. माझे वय अकरा वर्षे. माणसांत या वयाला शाळेचा रस्ता दाखवतात, आमच्यात भंगाराचा. माझ्या काळ्या पेटीवर एक लांब ओरखडा आहे, माझी वायर दोनदा बदललेली आहे आणि फिरताना मी टक् टक् असा आवाज करते. आमच्या कार्यालयाच्या भंगार यादीत अनुक्रमांक चौदावर माझे नाव आहे. तरीही मी फिरते आहे. कशी, ते ऐका.

माझा जन्म धुळीचा कणही आत येऊ न देणाऱ्या कारखान्यात झाला. तिथले कामगार डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत. माझ्या पोटात आरशासारख्या चकचकीत चकत्या बसवल्या, त्यांवरून फिरणारा एक बारीक हात बसवला आणि वरून झाकण घट्ट केले. त्या हाताने लिहायचे आणि त्यानेच वाचायचे. माझ्यासोबत त्याच खोक्यात माझी धाकटी बहीणही होती. आम्ही दोघी जोडीने विकत घेतल्या गेलो, कारण घेणाऱ्या बाईंनी मागणीपत्रात स्वच्छ लिहिले होते, ‘नग दोन. एक चालणार नाही.’

त्या बाई म्हणजे आमच्या ताई. मी ज्या कार्यशाळेत आले, तिथे कृत्रिम पाय तयार होत. वरच्या मजल्यावर प्लास्टरची खोली, खाली यंत्रे, आणि यंत्रांच्या पलीकडे कार्यालय. ताई तांत्रिक विद्यालयातून शिकून आलेल्या होत्या आणि कार्यालयातली संगणकप्रणाली सांभाळत. माझी मालकी कागदावर कार्यशाळेची होती, पण ‘वस्तू कोणाच्या ताब्यात’ या रकान्यात ताईंचे नाव होते. या रकान्याला पुढे फार महत्त्व आले.

ती प्रणाली कशाची, हेही सांगते. एका माणसाचा पाय तयार करायचा, तर तीसेक कामे असतात. माप घ्यायचे, साचा काढायचा, उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी घडवायची, चाचणी घ्यायची, दुखते तिथे खोलगट करायचे, पुन्हा चाचणी. कोणते काम कोणाकडे, कधीपर्यंत आणि कुठवर आले, हे सारे त्या प्रणालीत लिहिलेले असे. लिहिलेला भाग एका डेटाबेसमध्ये राही. मापांचे तक्ते, वाटीचे आकार आणि छायाचित्रे मात्र डेटाबेसमध्ये नसत. ती वेगळ्या फोल्डरमध्ये राहत, आणि कोणते चित्र कोणत्या कामाचे एवढेच डेटाबेसला माहीत असे. प्रणाली कशी चालवायची याची सेटिंग्ज आणि पासवर्ड आणखी तिसरीकडे. ताई नव्या माणसाला हे तीन शब्दांत सांगत. यादी, सामान आणि किल्ली. यांतले एक जरी मागे राहिले, तर घर हलवले असे होत नाही.

माझे काम या तिन्हींची प्रत पोटात ठेवण्याचे. दर शुक्रवारी दुपारी तीन वाजता ताई खोल्याखोल्यांतून फिरत आणि म्हणत, “हात वर.” सगळे जण कळफलकावरचे हात उचलत. पाच मिनिटे प्रणाली बंद राही, कारण लिहिणे चालू असताना प्रत काढली तर अर्धे जुने आणि अर्धे नवे असा काला होतो. प्लास्टरच्या खोलीतले मुख्य कारागीर, ज्यांना सगळे प्लास्टरकाका म्हणत, ते पांढऱ्या चिखलाने माखलेले दोन्ही हात वर करून दारात उभे राहत आणि विचारत, “ताई, दरोडा पडलाय का?” ताई त्यांना दर आठवड्याला तेच उत्तर देत, की अजून पडलेला नाही, म्हणूनच तर.

पण खरे काम त्यानंतर सुरू होई. कोपऱ्यात एक रिकामा, जुना संगणक होता. ताई माझ्यातली प्रत त्याच्यावर उतरवत आणि तिथे सारी प्रणाली पुन्हा उभी करत. मग तीन कामे उघडून बघत. एक सर्वांत जुने, एक याच आठवड्यातले आणि एक समोरून जाणारा माणूस सांगेल ते. यादी दिसली की चित्र उघडायचे, चित्र उघडले की त्यातले माप वाचायचे. याला ताई तालीम म्हणत. तालमीची नोंद निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत होई. तारीख, किती वेळ लागला, काय उघडले, काय अडले. कोणी म्हणाले, बॅकअप आहे ना, मग झाले, तर ताईंचे म्हणणे ठरलेले.

“आहे म्हणू नका, उघडून दाखवा.”

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण माणसांच्या अब्रूला लागू पडत असेल; बॅकअपला पडत नाही, मित्रांनो. आमच्या धंद्यात झाकली मूठ बहुतेक रिकामी निघते.

ती वर्षे माझ्या मानाची होती. एक शुक्रवार माझा, पुढचा धाकटीचा. जिची पाळी नसे ती व्यवस्थापकांच्या घरी कपाटात राही, म्हणजे एका इमारतीला काही झाले तरी दुसरी सुरक्षित. मग एकदा व्यवस्थापकांच्या घरी कपाट हलवताना धाकटी पडली. आमच्यासारख्यांना पडणे सोसत नाही. तिच्या पोटातला हात चकतीला घासला आणि ती पुन्हा कधी फिरली नाही. ताईंनी नवी डिस्क मागितली, तेव्हा व्यवस्थापकांनी सांगितले की आता तिची गरजच नाही, नवी पद्धत येते आहे.

नव्या पद्धतीबरोबर नवे इंजिनिअर आले. माणूस हुशार, कामाला वाघ, वागायला नम्र. त्यांनी अशी व्यवस्था लावली की रोज संध्याकाळी प्रणालीची प्रत इंटरनेटवरून आपोआप दूरच्या साठवणीत जाई आणि पडद्यावर एक हिरवी खूण उमटे. ना हात वर, ना वही. सगळ्यांना ती खूण आवडली. मला कोणी विचारले नाही, पण विचारले असते तर मीही तिला बरी म्हणाले असते. रोजची प्रत आठवड्याच्या प्रतीहून ताजी असते, हे मी मान्य करते. मी नव्याच्या विरोधात कधीच नव्हते. मी होते न उघडलेल्याच्या विरोधात.

त्याच महिन्यात भंगाराची यादी निघाली. मोडक्या खुर्च्या, फुटलेले पंखे, एक गंजलेली शेगडी आणि चौदाव्या क्रमांकावर मी. कारण काय, तर ‘कालबाह्य’. यादीवर प्रत्येक वस्तू ज्याच्या ताब्यात, त्याची सही लागते. ताईंनी तेरा वस्तूंपुढे सह्या केल्या आणि लेखणी खाली ठेवली.

इंजिनिअर अदबीने म्हणाले, “ताई, एकच सही राहिली.”

“राहिली नाही, केलेली नाही,” ताई म्हणाल्या. “तुमच्या साठवणीतून एकदा सगळं परत उभं करून दाखवा. तीन कामं माझ्यासमोर उघडा. मग चौदावी सही मी उभ्यानं करते.”

इंजिनिअरांनी ते नाकारले नाही. पुढच्या आठवड्यात करू, म्हणाले. त्या पुढच्या आठवड्यात यंत्र बिघडले, त्याच्या पुढच्यात पाहुणे आले, आणि मग तो आठवडा तीन वर्षे आलाच नाही. माझ्या नावापुढे कारकुनाने लिहून ठेवले, ‘निर्णय प्रलंबित’. मित्रांनो, कोणी आशीर्वादावर जगतो, कोणी औषधावर. मी एका न केलेल्या सहीवर जगले.

आणि नुसती जगले नाही. ताईंनी तालीम थांबवली नाही. हात वर करायला आता कोणी तयार नव्हते, म्हणून त्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत, सगळे उठलेले असताना प्रत काढू लागल्या. मागून हसणे चाले. कोणी म्हणे, ताई आजीबाईंना व्यायाम देतात. आजीबाई म्हणजे मी. माझ्या पोटात एका जागी चकती थोडी झिजली होती. तिथे पोचले की मी अडखळे, टक् टक् करत तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचे आणि मग पुढे जाई. हे अडखळणेही वहीत लिहिलेले असे.

अशाच एका शुक्रवारी ताजे काम उघडले आणि चित्राच्या जागी कोरी चौकट आली. ताईंनी शोध घेतला. सर्व्हरवरची जागा भरल्यामुळे इंजिनिअरांनी सामानाचे फोल्डर एका मोठ्या नव्या डिस्कवर हलवले होते, आणि ताईंची प्रत मात्र जुन्याच जागेवरून निघत होती. जुन्या जागी आता रिकामे फोल्डर होते. ताईंनी आपला मार्ग त्याच दिवशी दुरुस्त केला आणि इंजिनिअरांना जाऊन सांगितले, की मला सामान मिळाले नाही, तुमचीही प्रत कुठून निघते ते बघा. इंजिनिअरांनी पडद्यावरच्या हिरव्या खुणेकडे पाहिले आणि अगदी सहानुभूतीने म्हणाले, “तुमच्या त्या जुन्या डिस्कचंच दुखणं असेल ते, ताई.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही. त्यांची प्रत रोज संध्याकाळी त्याच रिकाम्या फोल्डरमध्ये जाई, तिथे काही नाही ते इमानेइतबारे उचली, दूरच्या साठवणीत नेऊन ठेवी आणि हिरवी खूण करी. काही नाही ते न्यायला अडचण ती कसली येणार? ताईंनी वहीत लिहिले, ‘इंजिनिअरांना सांगितले’, आणि खाली तारीख घातली.

पाच महिने गेले. मग एका बुधवारी ते घडले, जे आमच्याच कार्यशाळेत घडू शकते. प्लास्टर कालवलेले भांडे धुतले की ते पाणी बादलीत निवळू द्यायचे आणि तळाचा गाळ कचऱ्यात टाकायचा, असा वरच्या खोलीचा नियम. घाई असली की प्लास्टरकाका ते सरळ मोरीत ओतत. प्लास्टर पाण्याखालीही घट्ट होते. महिनोन्महिने ते नळीत थरावर थर बसत गेले आणि त्या दुपारी नळी दगडासारखी बंद झाली. नळ किंचित वाहता ठेवून काका जेवायला गेले होते. पाणी मोरीतून जमिनीवर आले, जमिनीतून खालच्या छतात उतरले, आणि त्या छताखाली नेमके सर्व्हरचे कपाट होते.

मी ताईंच्या खणात होते. मला फक्त एक फट् असा आवाज आला आणि मग सगळ्या पंख्यांची घरघर थांबली. सर्व्हर आणि त्यातल्या दोन्ही डिस्क गेल्या. प्लास्टरकाका जिन्यात उभे राहून स्वतःच सांगत होते की पाणी मीच ओतत होतो.

इंजिनिअर मात्र शांत होते. हिरवी खूण मंगळवार संध्याकाळची होती. त्यांनी दुसरा संगणक आणला, प्रणाली बसवली आणि दूरच्या साठवणीतून प्रत उतरवली. तासाभरात यादी परत आली. प्रत्येक काम, प्रत्येक तारीख, प्रत्येक शेरा. कार्यालयात टाळ्या वाजल्या. मग यंत्रावरच्या कारागिराने त्या दिवशी घडवायची वाटी उघडली.

कोरी चौकट.

दुसरे काम उघडले, कोरी चौकट. पाच महिन्यांपूर्वीचे सामान होते. त्यानंतरचे एकही चित्र, एकही माप नव्हते. इंजिनिअर एकामागून एक कामे उघडत गेले, आणि मला तेव्हा आनंद झाला असेल असे तुम्हाला वाटत असेल, तर तसे नाही. बाहेर बाकावर एक बाई बसल्या होत्या.

त्या टपाल वाटणाऱ्या बाई. अपघातानंतर वर्षभर त्यांची फेरी त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. येत्या सोमवारी त्या हजर झाल्या नाहीत तर ती कायमची दुसऱ्याला जाणार होती. त्यांच्या वाटीच्या तीन चाचण्या झाल्या होत्या. तिसरी गेल्या गुरुवारी. तिच्यातून कळलेला आकार त्याच संध्याकाळी प्रणालीत चढवला होता. साचा फोडून झाला होता, चाचणीची वाटी कापून झाली होती, कारण आकार ‘आहे’ म्हणून सगळे निर्धास्त होते. पुन्हा माप घ्यायचे म्हणजे पुन्हा तीन आठवडे.

व्यवस्थापक त्यांना काही सांगायला गेले आणि दारातूनच परत फिरले. शेवटी त्याच आत आल्या, कुबड्या दाराला टेकवल्या आणि म्हणाल्या, “मला खरं काय ते सांगा. सव्वीस वर्षं मी लोकांच्या घरी वाईट बातम्या पोचवल्यात. मला सवय आहे.”

ताईंनी खण उघडला आणि मला बाहेर काढले.

इंजिनिअर हलक्या आवाजात म्हणाले की हिच्यावर विसंबणे बरे नाही, ही टक् टक् करते. तज्ज्ञाकडे पाठवावी, पंधरा दिवसांत काही हाती लागेल. ताईंनी वाद घातला नाही. वही त्यांच्या हातात दिली, मला कोपऱ्यातल्या जुन्या संगणकाला जोडले आणि म्हणाल्या, “ही दोनशे सतरावी तालीम. आधीच्या दोनशे सोळा तुम्ही वाचा, तोवर मी हिला फिरवते.”

मी फिरू लागले. किल्ली दिली. प्रणालीची नेमकी तीच आवृत्ती दिली. शुक्रवारची यादी दिली. मग सामान. दहा टक्के, तीस, पन्नास. सगळे माझ्याभोवती उभे होते आणि मी त्यांना काही सांगू शकत नव्हते. साठ टक्क्यांवर ती झिजलेली जागा आली. टक्. टक्. टक्. आकडा थांबला. एक मिनिट गेले. दोन गेली. व्यवस्थापकांनी डोळे मिटले. इंजिनिअरांचा हात माझ्या वायरीकडे आला.

“हात वर,” ताई म्हणाल्या.

त्यांचा हात जागच्या जागी उचलला गेला.

“वहीत काय लिहिलंय? कुठलाही शुक्रवार काढा.”

इंजिनिअरांनी पान उलटले, मग दुसरे, मग दहावे. प्रत्येक पानावर एकाच अक्षरात एकच ओळ होती. ती त्यांनी मोठ्याने वाचली. “साठ टक्क्यांवर चार मिनिटे थांबते. मग चालते. वायर काढू नये.”

त्या वेळी वायर ओढली असती, तर माझा हात चकतीवर आपटला असता आणि टपालवाल्या बाईंची सव्वीस वर्षे माझ्याच पोटात चिरडली असती. लोक म्हणत होते, ही दमली. मी दमले नव्हते. मी वाचत होते. ती एक ओळ मी शंभर वेळा वाचली असेल. दमलेल्याला शंभरावा प्रयत्न सुचत नाही, मित्रांनो. चौथे मिनिट संपले आणि आकडा एकसष्ट झाला.

पुढे मी थांबले नाही. ताईंनी तीन कामे उघडली. जुने उघडले. गेल्या आठवड्यातले उघडले. तिसरे काम कोणते, असे त्यांनी नेहमीप्रमाणे समोरच्या माणसाला विचारले, आणि समोर टपालवाल्या बाई होत्या.

“माझं,” त्या म्हणाल्या.

पडद्यावर वाटी उमटली. आतल्या बाजूला, हाडाच्या टोकाशी, चार मिलिमीटरचा खोलगट भाग होता. बाईंनी पुढे वाकून त्यावर बोट ठेवले. “इथंच दुखायचं,” म्हणाल्या, आणि मग बराच वेळ बोट काढले नाही.

उरलेले काम दोघांनी मिळून केले, हे मी लपवणार नाही. माझे सामान शुक्रवारचे होते, इंजिनिअरांची यादी मंगळवारची. त्यांनी माझ्या सामानावर आपली ताजी यादी बसवली. शुक्रवार दुपारनंतरच्या सात कामांची चित्रे कुठेच नव्हती. त्या सात जणांना इंजिनिअरांनी स्वतः फोन केले, चूक माझी आहे असे प्रत्येकाला सांगितले आणि पुन्हा माप द्यायला बोलावले. गुरुवारी वाटी घडली, शुक्रवारी पाय बसला, आणि सोमवारी ती फेरी जिची होती तिच्याकडेच राहिली.

मग माझे कौतुक सुरू झाले. व्यवस्थापकांनी ठरवले की मला काचेच्या पेटीत घालून प्रवेशद्वाराशी ठेवायचे आणि खाली माझ्या कामगिरीची पाटी लावायची. ताईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “काचेच्या पेटीतली डिस्क आणि भंगारातली डिस्क, दोघी सारख्याच. दोघींनाही कोणी उघडून बघत नाही. पाटी नको, साहेब. नग दोन हवेत. आणि तालीम यापुढे यांनी करायची.”

नव्या दोन डिस्क आल्या. ताईंच्या निवृत्तीपर्यंत सहा महिने इंजिनिअरांनी त्यांच्यासमोर तालीम केली, दोन्ही नव्या डिस्कची आणि त्या दूरच्या साठवणीचीही. प्लास्टरकाकांनी मोरीला कुलूप घातले आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवली. शुक्रवारी तीन वाजता आता इंजिनिअर खोल्याखोल्यांतून हिंडतात, आणि काका हात वर करून विचारतात, “दरोडा पडलाय का?” उत्तर तेच आहे.

यंदा पुन्हा भंगाराची यादी निघाली आणि चौदाव्या क्रमांकावर पुन्हा मीच. भांडारातला नवा कारकून सही घ्यायला आला. आता ताब्याच्या रकान्यात इंजिनिअरांचे नाव आहे. त्यांनी तेरा सह्या केल्या, लेखणी खाली ठेवली आणि मला खणातून काढून जोडले. मी फिरले, साठ टक्क्यांवर थांबले, टक् टक् केले. कारकून म्हणाला, “संपली वाटतं ही, साहेब.” इंजिनिअरांनी त्याला खुर्ची दिली आणि घड्याळाकडे बोट दाखवले.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणी ना कोणी काहीतरी जपून ठेवलेले असेल. आजोबांची छायाचित्रे, आईचे कागद, तुमचे स्वतःचे लिखाण. ते आहे, असे कोणी सांगितले तर मान हलवून गप्प बसू नका. उघडून दाखवा, म्हणा. एका जागी ठेवले असेल तर दुसऱ्या जागीही ठेवा. तुमची दया मला नको आहे आणि आरतीही नको. मला काम द्या. एक दिवस मी खरोखरच थांबेन, तेव्हा ते वहीत लिहिले जाईल आणि चौदावी सही होईल. त्याला माझी हरकत नाही. पण तोवर जो कोणी मला संपली म्हणेल, त्याला एवढेच सांगा, की चार मिनिटे थांब.